स्टायरीनचे नियंत्रित मुक्त-मूलक बहुवारिकीकरण

स्टायरीनचे नियंत्रित मुक्त-मूलक बहुवारिकीकरण ही स्टायरीन या एकवारिकाच्या रेणूंपासून ठरावीक लांबीच्या व जवळजवळ समान रेणुभाराच्या साखळ्या तयार करण्याची रासायनिक प्रक्रिया होय. साध्या मुक्त-मूलक बहुवारिकीकरणात प्रत्येक साखळी क्षणभरात वाढते आणि मृत होते. नियंत्रित पद्धतीत बहुतांश साखळ्या सुप्त अवस्थेत ठेवल्या जातात व त्या थोड्या थोड्या वेळासाठी सक्रिय होऊन वाढतात. त्यामुळे सर्व साखळ्या जवळपास एकाच गतीने लांब होत जातात. तापमान, अभिकारकांचे प्रमाण, विद्रावक, ऑक्सिजनचे अस्तित्व, रूपांतरणाची मर्यादा आणि उष्णतेचे निष्कासन या परिस्थितीजन्य घटकांवर प्रक्रियेचे यश अवलंबून असते.

नायट्रॉक्साइड-माध्यमित पद्धत, अणू-स्थानांतरण मूलक पद्धत (एटीआरपी) आणि प्रत्यावर्ती योग-विखंडन साखळी-स्थानांतरण पद्धत (राफ्ट) या तिच्या तीन प्रमुख पद्धती आहेत. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१० मध्ये या पद्धतींसाठी ‘प्रत्यावर्ती-निष्क्रियण मूलक बहुवारिकीकरण’ या अर्थाची संज्ञा सुचवली. तथापि ‘नियंत्रित’ हा जुना शब्द अध्यापनात व संशोधनात अजूनही रूढ आहे.

परिभाषा

मराठी विश्वकोशात ‘पॉलिमर’साठी बहुवारिक, ‘मोनोमर’साठी एकवारिक आणि त्यांना जोडणाऱ्या प्रक्रियेसाठी बहुवारिकीकरण हे शब्द वापरले आहेत. या लेखात तेच शब्द घेतले आहेत. अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेल्या अणुसमूहाला मुक्त मूलक किंवा नुसते मूलक म्हणतात. नमुन्यातील साखळ्यांच्या लांबीत किती तफावत आहे, हे विखुरण निर्देशांकाने दर्शवतात. वजन-सरासरी रेणुभाराला संख्या-सरासरी रेणुभाराने भागले असता हा निर्देशांक मिळतो. सर्व साखळ्या तंतोतंत सारख्या असल्यास त्याचे मूल्य १ येते. साध्या मुक्त-मूलक पद्धतीत ते १.५ किंवा त्याहून अधिक असते, तर चांगल्या नियंत्रित प्रक्रियेत १.०५ ते १.३ च्या दरम्यान राहते.

पार्श्वभूमी

स्टायरीन हा रंगहीन, विशिष्ट वासाचा द्रव असून त्याच्या रेणूत कार्बन व हायड्रोजनचे प्रत्येकी ८ अणू असतात. त्याचा रेणुभार १०४.१५ व उत्कलनबिंदू १४५ अंश से. आहे. जर्मन औषधनिर्माता एडुआर्ड सिमोन याने १८३९ मध्ये स्टोरॅक्स या सुगंधी राळेपासून हा द्रव मिळवला. ठेवून दिल्यावर तो घट्ट होतो, हेही त्याच्या लक्षात आले. हे घट्ट होणे म्हणजे लहान रेणूंची लांब साखळी बनणे होय, ही मांडणी हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० पासून केली. त्यांना १९५३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

साखळ्यांची लांबी काटेकोरपणे ठरवता येते, हे मायकेल श्वार्क यांनी १९५६ मध्ये स्टायरीनच्याच ऋणायनी बहुवारिकीकरणाने दाखवले. साखळ्यांची टोके विक्रियेनंतरही क्रियाशील राहत असल्याने त्यांनी तिला ‘जिवंत’ बहुवारिकीकरण म्हटले. मात्र त्या पद्धतीत पाण्याचा किंवा हवेचा अंशही चालत नाही. मूलके पाण्याला पुष्कळ सहनशील असतात. परंतु दोन मूलके भेटली की एकमेकांना संपवतात. स्टायरीनच्या बाबतीत ती मुख्यतः परस्परांशी जोडली जातात आणि दोन वाढत्या साखळ्यांची एक मृत साखळी होते. मूलकांची सहनशीलता राखून त्यांची ही परस्परनाशक प्रवृत्ती कशी आवरावी, हा नियंत्रित पद्धतींपुढील मूळ प्रश्न होता.

कार्यतत्त्व

साध्या बहुवारिकीकरणात एका साखळीचे सक्रिय आयुष्य साधारणतः सेकंदाच्या घरातले असते. नियंत्रित पद्धतीत साखळीच्या टोकाला एक काढता-घालता येणारे ‘टोपण’ बसवलेले असते. ते निघाले की टोक मूलक बनते व काही एकवारिके जोडून घेते. पुन्हा बसले की साखळी सुप्त होते. अशी उघडझाप तासन्‌तास चालते. कोणत्याही क्षणी सक्रिय मूलकांचे प्रमाण अत्यल्प असल्याने दोन मूलकांची गाठ क्वचितच पडते. ही समाप्ती पूर्णपणे थांबत नाही, परंतु मृत साखळ्यांचे प्रमाण एकूण साखळ्यांच्या काही टक्क्यांपुरते राहते.

नायट्रॉक्साइड पद्धतीत व एटीआरपीमध्ये स्थायी-मूलक परिणाम हे नियंत्रणाचे कारण असते. सुरुवातीला काही सक्रिय मूलके एकमेकांशी जोडली जाऊन नष्ट होतात. त्यांची जोडीदार असलेली स्थायी मूलके (किंवा तांब्याची उच्च संयुजेची संयुगे) मात्र आपसांत जोडली जात नाहीत आणि साचत जातात. त्यांचा साठा वाढला की सक्रिय मूलके लवकर बंदिस्त होतात आणि पुढील समाप्ती आपोआप कमी होते. या परिणामाची गणिती मांडणी हान्स फिशर यांनी केली. राफ्टमध्ये असा साठा नसतो; तेथे टोपण एका साखळीवरून दुसरीकडे सतत हस्तांतरित होते.

अपेक्षित रेणुभार सोप्या हिशेबाने काढता येतो. एकवारिक व आरंभक यांच्या सुरुवातीच्या रेणुसंख्यांच्या गुणोत्तराला रूपांतरणाने व एकवारिकाच्या रेणुभाराने गुणून त्यात आरंभकाचा रेणुभार मिळवतात. उदाहरणार्थ, दर आरंभक-रेणूमागे स्टायरीनचे १०० रेणू घेतले व ८० टक्के रूपांतरण झाले, तर प्रत्येक साखळीत सरासरी ८० एकके येतात. त्यांचा रेणुभार सुमारे ८,३३० भरतो. आरंभक १-फिनिलएथिल ब्रोमाइड (रेणुभार १८५) असल्यास एकूण रेणुभार सुमारे ८,५०० येईल.

तापमानाचा परिणाम

स्टायरीनच्या बाबतीत तापमान हा सर्वांत निर्णायक घटक आहे, कारण त्याचे परिणाम परस्परविरोधी असतात.

साखळी-वृद्धीची सक्रियण ऊर्जा सुमारे ३२.५ किलोजूल प्रति मोल आहे. वृद्धी-स्थिरांक ६० अंश से. ला सुमारे ३४० लिटर प्रति मोल प्रति सेकंद असतो व १०० अंशांना सुमारे १,२०० होतो. म्हणजे साधारण साडेतीन पट वाढतो. समाप्तीचा वेग मात्र मुख्यतः साखळ्यांच्या विसरणावर अवलंबून असल्याने तापमानाने तितका वाढत नाही. त्यामुळे तापमान वाढवल्यास वृद्धी व समाप्ती यांचे गुणोत्तर नियंत्रणाला अनुकूल होते.

याउलट, स्टायरीन आरंभकाशिवायही केवळ उष्णतेने स्वतःची मूलके निर्माण करते. फ्रँक मेयो यांनी सुचवलेल्या यंत्रणेनुसार स्टायरीनचे दोन रेणू प्रथम एकत्र येऊन एक चक्रीय द्विवारिक बनते व ते तिसऱ्या रेणूला हायड्रोजन अणू देऊन दोन मूलके तयार करते. या स्वयं-आरंभामुळे शुद्ध स्टायरीनचे रूपांतरण ६० अंशांना ताशी सुमारे ०.१ टक्का, तर १०० अंशांना ताशी सुमारे २ टक्के होते. म्हणजे वृद्धी-स्थिरांक साडेतीन पट वाढतो त्याच अंतरात स्वयं-बहुवारिकीकरण वीसपट वाढते. अशा रीतीने जन्मलेल्या साखळ्या आरंभकाच्या हिशेबाबाहेरच्या असतात. त्या उशिरा सुरू होतात, लांबीने कमी राहतात आणि विखुरण वाढवतात.

म्हणून प्रत्येक पद्धतीला स्वतःची तापमान-मर्यादा आहे. टोपणाचा बंध पुरेशा वेगाने तुटेल इतके तापमान हवे, परंतु स्वयं-आरंभ वरचढ होईल इतके नको. याशिवाय पॉलिस्टायरीनचे काच-संक्रमण तापमान सुमारे १०० अंश से. आहे. विद्रावकाविना व त्याहून कमी तापमानाला विक्रिया केल्यास उच्च रूपांतरणाला मिश्रण काचेसारखे घट्ट होऊन उरलेले एकवारिक अडकून पडते.

पद्धतीनिहाय परिस्थिती

नायट्रॉक्साइड-माध्यमित पद्धत: ऑस्ट्रेलियातील डेव्हिड सॉलोमन, एझिओ रिझार्डो व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हिचा पाया घातला. कॅनडातील मायकेल जॉर्जेस व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि टेम्पो हे स्थायी मूलक वापरून सुमारे १२३ अंशांना कमी विखुरणाचे पॉलिस्टायरीन मिळवले. टेम्पो व साखळी यांमधील बंध मजबूत असल्याने १२० अंशांच्या खाली विक्रिया अतिशय मंदावते. एरवीही ती अनेक तास ते काही दिवस चालते. येथे स्वयं-आरंभ केवळ उपद्रवी नसतो. साचलेले जादा टेम्पो त्यातून निघालेल्या मूलकांनी वापरले जाते व विक्रिया पुढे सरकत राहते. त्यामुळे या प्रणालीचा वेग आरंभकाच्या प्रमाणावर फारसा अवलंबून नसतो आणि स्टायरीनच्या औष्णिक बहुवारिकीकरणाच्या वेगाशी जवळपास जुळतो. टेम्पोचे प्रमाण पेरॉक्साइडच्या रेणुसंख्येपेक्षा किंचित जास्त ठेवतात. ते फार वाढवल्यास विक्रिया सुरू होण्यास विलंब लागतो; फार कमी केल्यास नियंत्रण सुटते. कॅम्फरसल्फॉनिक आम्लाची अल्प मात्रा घातल्यास वेग वाढतो. पुढे विकसित झालेल्या अधिक विपुल रचनेच्या नायट्रॉक्साइडांमुळे तापमान व कालावधी दोन्ही कमी करता आले.

अणू-स्थानांतरण मूलक पद्धत: १९९५ मध्ये जपानमध्ये मित्सुओ सावामोतो यांच्या गटाने रुथेनियम वापरून, तर अमेरिकेत जिन-शान वांग व क्रिस्तोफ मातियाशेव्स्की यांनी तांबे वापरून ही पद्धत स्वतंत्रपणे मांडली. मातियाशेव्स्की यांच्या प्रयोगात स्टायरीन, १-फिनिलएथिल क्लोराइड, क्युप्रस क्लोराइड व बायपिरिडीन यांचे मिश्रण १३० अंशांना तापवले होते. बायपिरिडीनला लांब कार्बन-शृंखला जोडून उत्प्रेरक पूर्णपणे विरघळणारा केला, तेव्हा १९९६ मध्ये ११० अंशांना सुमारे १.०५ इतका कमी विखुरण निर्देशांक मिळाला. यावरून उत्प्रेरकाची विद्राव्यता हाही परिस्थितीचा भाग असल्याचे स्पष्ट झाले.

या पद्धतीत वेग हा एकसंयुजी व द्विसंयुजी तांब्याच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. सुरुवातीलाच थोडे क्युप्रिक ब्रोमाइड घातले तर वेग घटतो, पण नियंत्रण सुधारते. बायपिरिडीन तांब्याच्या दुप्पट रेणुसंख्येने घ्यावे लागते, तर तीन नायट्रोजन अणू असलेले पेंटामिथिलडायएथिलीनट्रायअमीन समप्रमाणात पुरते. उच्च तापमान व ध्रुवीय विद्रावक यांमुळे साखळीच्या टोकावरून हायड्रोजन ब्रोमाइड निघून जाण्याचा धोका असतो. असे टोक पुन्हा सक्रिय होत नाही. तांब्याचा रंग व अवशेष उत्पादनात राहणे हा आणखी एक दोष होता. २००६ मध्ये क्षपणकाच्या साहाय्याने तांब्याचे सतत पुनरुज्जीवन करणारी सुधारित पद्धत आली. टिनचे संयुग किंवा ग्लुकोजसारखे साधे क्षपणक वापरून तांब्याचे प्रमाण दशलक्षांशांत काही दहांपर्यंत खाली आणता आले.

राफ्ट पद्धत: ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतील रिझार्डो, ग्रॅम मोड, सान थांग व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. साध्या मुक्त-मूलक मिश्रणात डायथायोबेन्झोएट किंवा ट्रायथायोकार्बोनेट वर्गातील गंधकयुक्त स्थानांतरक घातला की नियंत्रण साधते. म्हणून ६० अंशांपासून ११० अंशांपर्यंत ती वापरता येते. साखळ्यांची संख्या मुख्यतः स्थानांतरकाने ठरते. आरंभकातून येणारी प्रत्येक जादा मूलक-जोडी मात्र मृत साखळ्यांत भर घालते. म्हणून स्थानांतरक हा आरंभकाच्या पाच ते दहा पट ठेवण्याचा प्रघात आहे. स्टायरीनसाठी १०० ते ११० अंशांना आरंभक वगळून केवळ स्वयं-आरंभावरही ही विक्रिया चालवता येते. डायथायोबेन्झोएटचे प्रमाण जास्त असल्यास विक्रिया मंदावते. उत्पादनाला येणारा गुलाबी किंवा पिवळा रंग व गंधकाचा वास घालवण्यासाठी टोकाचा गट शेवटी काढावा लागतो.

इतर घटक

ऑक्सिजन: ऑक्सिजन कार्बनी मूलकांशी झपाट्याने संयोग पावून पेरॉक्साइड मूलके बनवतो व वृद्धी अडवतो. एटीआरपीत तो तांब्याचे ऑक्सिडीकरणही करतो. म्हणून मिश्रणातून नायट्रोजन किंवा आरगॉन वायू सोडतात, किंवा ते गोठवून निर्वातात ठेवणे व पुन्हा वितळवणे हे आवर्तन तीन-चार वेळा करतात.

निरोधक: बाजारातील स्टायरीनमध्ये सामान्यतः दशलक्षांशांत १० ते १५ या प्रमाणात चतुर्थक-ब्युटिलकॅटेकॉल हा निरोधक असतो. प्रयोगापूर्वी तो क्षारीय ॲल्युमिनाच्या स्तंभातून गाळून काढतात. हा निरोधक द्रवात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या सान्निध्यातच परिणामकारक ठरतो. म्हणून साठवणीतील स्टायरीन पूर्णपणे निर्वायू करत नाहीत. प्रयोगातील स्टायरीन मात्र निर्वायू करावेच लागते.

विद्रावक: ॲनिसोल, टोल्युइन, डायफिनिल ईथर हे नेहमीचे विद्रावक आहेत. विद्रावकाने मिश्रण पातळ राहते व उष्णता वाहून नेणे सोपे जाते, परंतु एकवारिकाची संहती घटल्याने वेग कमी होतो.

रूपांतरण: रूपांतरण वाढत जाते तसे एकवारिक संपत येते, पण मूलकांची समाप्ती चालूच राहते. टोकाचा गट शाबूत ठेवून पुढे दुसऱ्या एकवारिकाचा खंड जोडायचा असल्यास विक्रिया पूर्णत्वाच्या आधीच थांबवणे इष्ट असते.

उष्णतेचे निष्कासन: स्टायरीनच्या बहुवारिकीकरणात दर मोलला सुमारे ७० किलोजूल, म्हणजे दर किलोग्रॅमला सुमारे ६७० किलोजूल उष्णता बाहेर पडते. ती अजिबात निघून गेली नाही, तर मिश्रणाचे तापमान ३०० अंशांहून अधिक वाढू शकते. परीक्षानळीत ही उष्णता सहज विरते. आकारमान वाढले की घनफळाच्या मानाने पृष्ठभाग कमी पडतो.

नियंत्रणाची तपासणी

एखादी विक्रिया खरोखर नियंत्रित आहे, हे केवळ कमी विखुरणावरून ठरवत नाहीत. त्यासाठी पुढील कसोट्या एकत्रितपणे पाहतात:

- उरलेल्या एकवारिकाच्या संहतीचा लघुगणक काळाच्या सरळ प्रमाणात घटतो का. तसे असल्यास सक्रिय मूलकांची संख्या स्थिर आहे.
- संख्या-सरासरी रेणुभार रूपांतरणाबरोबर सरळ रेषेत वाढतो का व हिशेबाशी जुळतो का.
- विखुरण निर्देशांक अखेरपर्यंत कमी राहतो का.
- नवे एकवारिक घातल्यावर जुन्या साखळ्या पुन्हा वाढतात का.

रूपांतरण केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनाने व रेणुभार जेल पारगमन वर्णलेखनाने मोजतात. वर्णलेखात मुख्य शिखराच्या बाजूला दुप्पट रेणुभाराचा उंचवटा दिसल्यास साखळ्या आपसांत जोडल्या गेल्याचे, तर कमी रेणुभाराकडे शेपूट दिसल्यास स्वयं-आरंभ किंवा अकाली समाप्ती झाल्याचे समजते.

सुरक्षितता

तापमानाचे नियंत्रण हा केवळ उत्पादनाच्या गुणवत्तेचा प्रश्न नाही. ७ मे २०२० रोजी पहाटे आंध्र प्रदेशातील विशाखापट्टणमजवळच्या आर. आर. वेंकटापुरम येथील पॉलिस्टायरीन कारखान्यात साठवण टाकीतील स्टायरीनचे स्वयं-बहुवारिकीकरण अनियंत्रित झाले. टाकीतून बाहेर पडलेल्या बाष्पामुळे १२ जणांचा मृत्यू झाला व शेकडो लोक बाधित झाले. टाळेबंदीमुळे कारखाना त्या काळात बंद होता. राज्य शासनाच्या उच्चाधिकार समितीने शीतकरणाच्या व निरोधकाच्या व्यवस्थेतील त्रुटींवर बोट ठेवले. बाहेर पडणारी उष्णता तापमान वाढवते आणि वाढलेले तापमान स्वयं-आरंभ वाढवते, हे चक्र त्यामागे होते.

लहान प्रयोगशाळांनाही हेच तत्त्व लागू पडते. वाशीम, अकोला, अमरावती या विदर्भातील जिल्ह्यांत उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. निरोधक काढलेले स्टायरीन अशा हवेत ठेवल्यास काही काळाने दाट होते. म्हणून ते लागेल तेवढेच शुद्ध करतात आणि शीतकपाटात, प्रकाशापासून दूर ठेवतात. स्टायरीनची वाफ ज्वालाग्राही व डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला त्रासदायक असल्याने काम धूर-निष्कासक कपाटात केले जाते.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतातील पॉलिस्टायरीनच्या उत्पादनाचा आरंभ मुंबईत झाला. पॉलिकेम या कंपनीने १९५७ मध्ये ते सुरू केले. रायगड जिल्ह्यातील नागोठण्याजवळ आमडोशी येथील सुप्रीम पेट्रोकेमचा प्रकल्प १९९५ मध्ये कार्यान्वित झाला व तो देशातील पॉलिस्टायरीनच्या प्रमुख उत्पादन केंद्रांपैकी आहे. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (स्थापना १९५०) ही बहुवारिक-संशोधनाची देशातील अग्रगण्य संस्था असून २००२ ते २०१० या काळात तिचे संचालक असलेले स्वामिनाथन शिवराम हे बहुवारिक रसायनशास्त्रज्ञ आहेत.

पॉलिस्टायरीनचे फुगवलेले रूप महाराष्ट्रात ‘थर्माकोल’ या नावाने घराघरांत ओळखले जाते. गणेशोत्सवातील मखरे व जेवणावळीतील पत्रावळी-द्रोण यांसाठी त्याचा मोठा वापर होत असे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेद्वारे प्लॅस्टिकच्या व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली.

उपयोग व मर्यादा

थर्माकोल, खोकी, डबे इत्यादी नेहमीच्या वस्तूंसाठी साखळ्यांची लांबी काटेकोर असण्याची गरज नसते. त्यामुळे बाजारातील पॉलिस्टायरीन आजही प्रामुख्याने साध्या मुक्त-मूलक पद्धतीनेच बनते. नियंत्रित पद्धती मंद व खर्चिक आहेत आणि त्यांत टोकाचे गट किंवा धातूचे अवशेष काढण्याचा जादा टप्पा येतो. परंतु जेथे दोन भिन्न गुणांचे खंड एकाच साखळीत हवे असतात, तेथे त्यांना महत्त्व आहे. रंगद्रव्यांचे विखुरक, आसंजके, पृष्ठभागावर रोवलेल्या साखळ्या, ताऱ्याच्या आकाराचे रेणू आणि नॅनोकण यांसाठी त्या वापरल्या जातात. या पद्धतींनी बनलेल्या पॉलिस्टायरीनचा मुख्य कणा नेहमीच्या पॉलिस्टायरीनसारखाच असल्याने ते निसर्गात लवकर विघटित होत नाही. साखळीची लांबी नियंत्रित केल्याने कचऱ्याचा प्रश्न सुटत नाही.

हे सुद्धा पहा

- बहुवारिक
- पॉलिस्टायरीन
- मुक्त मूलक
- हर्मान श्टाउडिंगर
- राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा
- विशाखापट्टणम वायुगळती